विदर्भात सबमिलिमीटर दुर्बीण का नाही, आणि आल्मा असताना आणखी एक कशाला?

घाटंजी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या सरांचा प्रश्न असा आहे: "चिलीमध्ये ॲटलास्ट नावाची ५० मीटर व्यासाची सबमिलिमीटर दुर्बीण उभारायचं घाटत आहे असं वाचलं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातला पहिला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे अंधार आपल्याकडे आहे. मे महिन्यात हवा अशी कोरडी, की कूलरपुढे बसलं तर थंडी वाजते आणि वाळत टाकलेलं धोतर चहा होईस्तोवर कडक होतं. मग असली दुर्बीण विदर्भात का नाही? शिवाय चिलीत ६६ डिशांची आल्मा आधीच आहे, तर आणखी एक मोठी डिश कशाला? सातवी-आठवीची पोरं विचारतात, 'काहून एवढा खर्च?' त्यांना काय सांगू?"

सर, पोरं बरोबर विचारतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं लांब. या लहरींवर मी उमेदीची वर्षं घालवली, आधी हवाईत, मग चिलीत. गाव माझं दारव्ह्याकडचं, त्यामुळे मे महिना काय चीज आहे ते मला वेगळं सांगायला नको.

अंधाराचा मुद्दा आधी निकालात काढू. पेंचचा अंधार डोळ्यांसाठी आणि प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणींसाठी मोलाचा आहे. सबमिलिमीटर लहरींची लांबी साधारण ०.३ ते १ मिलिमीटर, म्हणजे रेडिओ आणि अवरक्त यांच्या मधला पट्टा. ग्रामपंचायतीने चौकात उभा केलेला हायमास्ट या दुर्बिणीला दिसतही नाही. सूर्य उगवला म्हणून कामही थांबत नाही. हवाईतल्या मौना केआ डोंगरावर उन्हं चांगली चढेपर्यंत निरीक्षणं चालू असायची. अडतं ते पाण्यावर.

पाणी म्हणजे ढग नव्हेत, तर निरभ्र हवेतली न दिसणारी वाफ. पाण्याचा रेणू नेमक्या याच लहरी गिळतो. म्हणून जागा पारखताना आम्ही विचारतो, की डोक्यावरच्या हवेच्या अख्ख्या खांबातली वाफ पाणी होऊन खाली सांडली तर किती मिलिमीटर साचेल. पावसाचा मिलिमीटर मोजता तसाच हा मिलिमीटर.

आता तुमच्या गावचा हिशेब फळ्यावर मांडा. मे महिन्यातली दुपार, तापमान ४५ अंश, आर्द्रता १५ टक्के. ४५ अंशांवर एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ६५ ग्रॅम वाफ धरू शकते. तिचे १५ टक्के म्हणजे जवळपास १० ग्रॅम. वर जाऊ तशी वाफ झपाट्याने कमी होते, पण एकूण वाफ मोजायला 'जमिनीलगतची वाफ गुणिले २,००० मीटर' हा अंदाज बरा पडतो. १० गुणिले २,००० म्हणजे दर चौरस मीटरवर २० किलो पाणी, अर्थात २० मिलिमीटर. तुमचा कूलर चालतो तो ६५ आणि १० यांच्यातल्या फरकावर. दुर्बिणीला त्या फरकाशी देणंघेणं नाही, तिला ते १० ग्रॅम नडतात. आपली हवा तहानलेली असते, पण रिकामी नसते.

चिलीच्या अटाकामा वाळवंटात ५,००० मीटर उंचीवर चाहनांतोर नावाचं पठार आहे. तिथे हा आकडा एरवी १ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि चांगल्या रात्री अर्ध्यावर येतो. ८५० मायक्रोमीटर, म्हणजे ०.८५ मिलिमीटर लांबीच्या लहरीचं पाहा: १ मिलिमीटर पाण्यातून तिच्यातले पाऊण भागाहून जास्त पार होतात, तर २० मिलिमीटरमधून शंभरातले जेमतेम दोन-तीन. लहर ४५० मायक्रोमीटरची असली तर तिथे शंभरातले चाळीसेक उतरतात आणि आपल्याकडे अब्जात एखादा. पुढच्या पावसाळ्याचं तर बोलायलाच नको.

वर पुन्हा ही वाफ नुसती गिळून गप्प बसत नाही, त्याच लहरींत स्वतःही उजळते. दुर्बिणीला दिसतं ते बव्हंशी आपलंच आकाश, आणि दूरच्या दीर्घिकेचा वाटा त्यात लाखातल्या एखाद्या भागाएवढा किंवा त्याहून कमी. म्हणून डिश एका जागी रोखून धरत नाहीत, ती सारखी पुढेमागे फिरवत ठेवतात. आकाशाची चमक सगळ्या डिटेक्टरांवर एकदम चढते-उतरते, तर खरा स्रोत ज्याच्यावरून जातो तेवढ्याच डिटेक्टरवर उमटतो. त्यावरून दोन्ही वेगळे करायचे. मौना केआवरच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीवर पाळी सुरू झाली की पहिली नजर टाऊच्या आकड्यावर. २२५ गिगाहर्ट्झला आकाश किती अपारदर्शक आहे, ते हा आकडा सांगतो. तो ०.०५च्या खाली उतरला की ग्रेड वन. मग हातातलं काम बाजूला ठेवून ४५० मायक्रोमीटरची अवघड कामं पुढे ओढायची, कारण अशी हवा कधी पालटेल सांगता येत नाही. तो ०.२च्या वर गेला की ठळक स्रोतांवर वेळ काढायचा. तुमच्या गावी मेच्या दुपारी हाच आकडा ०.८ भरेल.

चिखलदरा? अकराशे मीटरचा डोंगर. २० मिलिमीटरचे तिथे तेरा-चौदा होतील, त्याने भागत नाही. भारतात विचार करायचा तर लडाखमधल्या हानलेचा, उंची ४,५०० मीटर. तिथे २२० गिगाहर्ट्झवर आकाशाची पारदर्शकता मोजलेली आहे आणि हिवाळ्यात ती खरोखर चांगली असते. मिलिमीटर लहरींचं काम आपल्याला नवीन नाही. जगदीशचंद्र बोस १८९५च्या सुमारास कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरी तयार करून दाखवत होते, आणि पुढे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत १०.४ मीटरची मिलिमीटर दुर्बीण होती. हानलेला मध्यम आकाराची सबमिलिमीटर डिश असावी असं मला मनापासून वाटतं. पण पन्नास मीटरची आणि ३५० मायक्रोमीटरपर्यंत उतरणारी म्हणाल तर चाहनांतोरच.

आता दुसरा प्रश्न.

आल्मात १२ मीटरच्या ५४ आणि ७ मीटरच्या १२ अशा एकूण ६६ डिशा आहेत. मोठ्या डिशा हलवून १६ किलोमीटरपर्यंत पसरता येतात आणि सगळ्यांचे संकेत जुळवून जणू तेवढ्या मोठ्या दुर्बिणीचं बारीक चित्र मिळतं. २०१३ पासून तिने जे दाखवलं त्याला तोड नाही. तिच्या सगळ्या डिशांचं क्षेत्रफळ मिळून साडेसहा हजार चौरस मीटर भरतं, तर ५० मीटरच्या एका डिशचं दोन हजारही नाही. म्हणजे एका ठरलेल्या ठिकाणी रोखून पाहायचं असेल तर आल्माच सरस, आणि नव्या दुर्बिणीचा कैवार घेणाऱ्यांनी हे आधी कबूल करावं.

गोम आहे ती 'ठरलेल्या ठिकाणी' या शब्दांत. ३४५ गिगाहर्ट्झला, म्हणजे ८७० मायक्रोमीटरच्या लहरीला, आल्मा एका वेळी आकाशाचा जो तुकडा पाहते तो सुमारे १८ आर्कसेकंद रुंद असतो (एका अंशात ३,६०० आर्कसेकंद). पूर्ण चंद्र १,८०० आर्कसेकंद रुंद दिसतो. चंद्राएवढं आकाश पालथं घालायला आल्माला दहा हजार वेळा रोख बदलावा लागेल, आणि तो झाला फक्त एक चंद्र. नव्या दुर्बिणीचा, ॲटलास्टचा, आराखडा २ अंश रुंदीच्या दृष्टिक्षेत्रासाठी आखला आहे. एका नजरेत सोळा चंद्रांएवढं क्षेत्र. मग आल्माला 'इकडे बघ' असं सांगणार कोण? आज ते काम लहान डिशांनी काढलेल्या जुन्या नकाशांवर चाललं आहे, आणि ते नकाशे एका ठिकाणी येऊन अडले आहेत.

ते कुठे अडले हे कळायला थोडं मागे जावं लागेल. विश्वात आजवर ताऱ्यांनी जेवढा प्रकाश बाहेर टाकला त्यातला सुमारे अर्धा वाटेत धुळीने शोषला आणि अवरक्त लहरींत परत सोडला. १९९०च्या दशकात कोबी उपग्रहाच्या मोजणीतून ही पार्श्वभूमीची चमक हाती आली, पण ती येते कुठल्या दीर्घिकांमधून ते कळेना. १९९७ मध्ये मॅक्सवेल दुर्बिणीवर स्क्यूबा नावाचा कॅमेरा बसला. त्यात ८५० मायक्रोमीटरचे ३७ आणि ४५०चे ९१ डिटेक्टर, बस. एवढ्याशा कॅमेऱ्याने अख्ख्या विषयाची दिशा बदलली.

हबल दुर्बिणीने डिसेंबर १९९५ मध्ये सप्तर्षीतल्या एका इवल्याशा तुकड्याकडे दहा दिवस टक लावून पाहिलं होतं आणि त्यात तीन हजारांच्या आसपास दीर्घिका सापडल्या होत्या. त्याच तुकड्याकडे स्क्यूबाने पाहिलं, १९९८ मध्ये निकाल छापून आला. पाच स्रोत. त्यातला सगळ्यात ठळक, एचडीएफ ८५०.१, हबलच्या चित्रातल्या कुठल्या दीर्घिकेशी जुळतो हे ठरवता येईना. स्क्यूबाचा ठिपका चौदा-पंधरा आर्कसेकंदांचा. त्याच्या पोटात हबलच्या कितीतरी दीर्घिका बसतात. एकाने एक सुचवली, दुसऱ्याने दुसरी. अखेर तिचं अंतर पक्कं व्हायला २०१२ उजाडलं, तेही इंटरफेरोमीटरने, म्हणजे आल्मासारख्या अनेक डिशा जोडलेल्या दुर्बिणीने, कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा टिपल्या तेव्हा. ताम्रसृती, म्हणजे वाटेत लहर किती ताणली गेली त्याचं माप, ५.१८. म्हणजे आपल्यापर्यंत पोचलेला तिचा संकेत साडेबारा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. आणि हबलने तिला टिपलेलीच नव्हती! धुळीच्या पदराआड ती झपाट्याने तारे घडवत होती. एका स्रोतामागे चौदा वर्षं गेली. आता असे लाखो स्रोत हवे असतील तर?

ही गंमत पोरांना जरूर सांगा, कारण ती अजब आहे. कुठलीही वस्तू दूर गेली की मंद होते, हे खरं. पण धुळीची चमक सर्वात जास्त असते ती १०० मायक्रोमीटरच्या आसपास. विश्व प्रसरण पावतं तशी दूरच्या दीर्घिकेची लहर ताणली जाते. ताम्रसृती ४ असेल तर १०० मायक्रोमीटरची लहर आपल्यापर्यंत ५०० मायक्रोमीटरची होऊन येते. म्हणजे दीर्घिका जितकी दूर, तितका तिच्या चमकीचा उंच भाग आपल्या ८५० मायक्रोमीटरच्या खिडकीकडे सरकत येतो. अंतराने जे हिरावलं ते ताणाने भरून निघतं. ताम्रसृती १ पासून पार ८ पर्यंत तीच दीर्घिका या लहरीत जवळपास तेवढीच ठळक दिसते. आठ अब्ज वर्षांपूर्वीची काय आणि तेरा अब्ज वर्षांपूर्वीची काय. खगोलशास्त्रात अशी सवलत फार थोड्या ठिकाणी मिळते.

पण या सवलतीला किंमत आहे. सगळ्या काळातल्या दीर्घिका एकाच पडद्यावर एकमेकींवर चढून बसतात. डिश लहान असली की ठिपका मोठा, आणि एकेका ठिपक्यात अनेक दीर्घिका. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटली की रस्त्यावरून वावर नुसतं पांढरं दिसतं. तिथेच दोन तास उभं राहिलं म्हणून बोंडं मोजता येत नाहीत. तसंच इथे. जास्त वेळ निरीक्षण करा, कॅमेरा बदला, चित्र एका मर्यादेपलीकडे सुधारत नाही. आमच्या धंद्यात याला कन्फ्युजन लिमिट म्हणतात. अवकाशातल्या हर्शेल दुर्बिणीला वातावरणाची अडचण नव्हती, पण आरसा साडेतीन मीटरचा, त्यामुळे ५०० मायक्रोमीटरला तिचा ठिपका ३६ आर्कसेकंदांचा. चाहनांतोरच्या १२ मीटरच्या एपेक्स दुर्बिणीने ८७० मायक्रोमीटरला जे स्रोत शोधले त्यांचे ठिपके १९ आर्कसेकंदांचे. आल्माने ते एकेक तपासले तेव्हा बऱ्याच 'एका' दीर्घिकेच्या दोन-दोन, तीन-तीन निघाल्या.

यावर उपाय एकच, व्यास वाढवा. ५० मीटरच्या डिशचा ठिपका ८५० मायक्रोमीटरला चार आर्कसेकंदांचा आणि ३५०ला पावणेदोनचा. हर्शेलच्या एका ठिपक्याच्या जागी, त्याच लहरीला, दोनशे ठिपके मावतात. माझ्या मते नव्या दुर्बिणीचं सगळ्यात भक्कम समर्थन हेच आहे, आणि बाकीची नसती तरी एवढं पुरलं असतं.

इथे कुणी जाणकार म्हणेल, ५० मीटरची डिश मेक्सिकोत आहेच की. आहे, सिएरा नेग्रा डोंगरावर ४,६०० मीटर उंचीवर, आणि उत्तम दुर्बीण आहे. पण तिचं काम मुख्यतः १ मिलिमीटर आणि त्याहून लांब लहरींचं, आणि दृष्टिक्षेत्र अंशांचं नव्हे. चाहनांतोरच्याच शिखरावर ५,६०० मीटर उंचीवरची फ्रेड यंग दुर्बीण नकाशे काढण्यासाठीच आखलेली आहे, क्षेत्र प्रचंड, पण डिश सहा मीटरची. एकीकडे व्यास, दुसरीकडे हवा आणि क्षेत्र. तिन्ही एका ठिकाणी कुठेच नाहीत.

दुसरं समर्थन आपल्या आकाशगंगेचं. हिवाळ्यात रात्री रानडुकरांमुळे जागलीला वावरात गेलात की मृग नक्षत्र डोक्यावर असतं. त्या मृगात सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर थंड वायूचा अवाढव्य ढग आहे, आकाशात कित्येक अंश पसरलेला. तारे जन्मतात ते अशा ढगांत. ढग बहुतांश हायड्रोजनच्या रेणूंचा, पण १०-२० केल्विनच्या, म्हणजे उणे अडीचशे अंशांहूनही कडक थंडीत तो रेणू काहीच उत्सर्जन करत नाही. त्यामुळे त्याच्या सोबतीला असलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा माग काढायचा, ११५, २३० आणि ३४५ गिगाहर्ट्झला, शिवाय ४९२ला सुट्या कार्बनचा.

इथे इंटरफेरोमीटरची एक जन्मजात उणीव आडवी येते. दोन डिशा एकमेकींना चिकटवून ठेवता येत नाहीत, त्यांच्यात काही अंतर राहतंच, आणि त्या अंतराच्या हिशेबाने जे फार पसरलेलं असेल ते इंटरफेरोमीटरला दिसतच नाही. बारीक गाठी दिसतात, पण त्या ज्या वायूत रुतलेल्या आहेत तो गायब. आल्माच्या चार डिशा याचसाठी वेगळ्या राखल्या आहेत, पण १२ मीटरच्या चार डिशांनी मृगासारखे ढग किती उरकणार? ढगातला वायू गाठीपर्यंत पोचतो कसा, चुंबकीय क्षेत्र त्याला कुठे थोपवतं, एवढ्या वायूतून थोडेच तारे का घडतात, हे समजायला पूर्ण ढग आणि त्यातली बारीक गाठ एकाच चित्रात लागते. मोठी एकसंध डिश ते देते, आणि तिची मापं आल्माच्या मापांत मिसळताही येतात, कारण ५० मीटरची डिश आल्माच्या सर्वात जवळच्या डिशांमधलं अंतर आरामात झाकते.

तिसऱ्या समर्थनाकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. दीर्घिकांच्या गुच्छांमध्ये कोट्यवधी अंशांचा तापलेला वायू असतो. महास्फोटानंतर उरलेलं प्रारण त्यातून येताना थोडी ऊर्जा घेऊन बाहेर पडतं. परिणामी २१७ गिगाहर्ट्झच्या खाली तिथलं आकाश किंचित फिकं आणि वर किंचित उजळ दिसतं. फिकी बाजू लहान डिशांनीही चांगली मोजली गेली आहे. वरची बाजू सबमिलिमीटरमध्ये पडते, आणि वायू किती तापला आहे, तो कुठे वाहतो आहे हे वेगळं काढायचं तर दोन्ही बाजू हव्यात, त्याही बारीक ठिपक्याने. सूर्य, धूमकेतू, अधूनमधून भडकणारे बालतारे यांचीही कामं आहेत, ती रास्तच आहेत. जीवसृष्टीशी जोडलेले रेणू प्रत्येक मोठ्या प्रस्तावात हमखास असतात; त्यातलं बरंचसं आल्मा करते आहे आणि करत राहील. फक्त त्यासाठी मी एवढी डिश मागितली नसती.

आता डिश बांधणं अवघड का, तेही ऐका. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशा आहेत. पोरांची सहल गेली तर त्यांना दिसेल की पृष्ठभाग तारांच्या जाळीचा आहे, वारा आरपार जातो, आणि म्हणूनच त्या एवढ्या हलक्या आणि स्वस्तात झाल्या. लहर २० सेंटीमीटर ते २ मीटरची, तिला जाळीची भोकं कळतही नाहीत. ३५० मायक्रोमीटरच्या लहरीला ती जाळी म्हणजे उघडं दारच. इथे पत्रा सलग हवा आणि अख्ख्या ५० मीटरवर त्याची चूक २० मायक्रोमीटरच्या आसपास हवी, केसाच्या जाडीच्या पाव-तृतीयांश. चूक २० असेल तर ३५० मायक्रोमीटरची साठ टक्के ऊर्जा नाभीवर पोचते. ४० झाली की तेरा टक्के. अर्धं नुकसान नाही होत, दिवाळं निघतं. आणि पोलाद? पन्नास मीटर पोलाद एका अंशाने तापलं तर ६०० मायक्रोमीटरने वाढतं. डिशची एक बाजू उन्हात आणि एक सावलीत आली की संपलं.

त्यामुळे पृष्ठभाग शेकडो तुकड्यांचा आणि प्रत्येक तुकड्यामागे त्याला सरकवणारी यंत्रणा. लहान डिशांवर हे काम पूर्वी हातांनी व्हायचं. समोरच्या डोंगरावर किंवा मनोऱ्यावर छोटा ट्रान्समीटर ठेवायचा, डिश त्याच्यावरून फिरवून पृष्ठभागाचा नकाशा काढायचा आणि मग पाना घेऊन मागच्या बाजूने एकेक स्क्रू फिरवायचा, पुन्हा नकाशा, पुन्हा स्क्रू. पाच हजार मीटरवर नळीने प्राणवायू घेत स्क्रूंची यादी हातात धरली की माणूस दहापर्यंतची बेरीजही दोनदा करतो. पन्नास मीटरला हे हातांनी होणे नाही. निरीक्षण चालू असतानाच डिशने स्वतःला मोजत आणि सावरत राहावं लागेल. ॲटलास्टचा युरोपीय निधीतला आराखडा-अभ्यास २०२१ ते २०२४ चालला, ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने, त्यात मोठा घोर हाच होता. आजवर ही दुर्बीण आहे ती कागदावरच.

त्याच अभ्यासात विजेचाही विचार आहे: सौर ऊर्जा, साठवण, आणि एवढं धूड थांबवताना मिळणारी ऊर्जा परत वापरणं. त्या पठारावर ग्रीड नाही, आजच्या दुर्बिणी इंधन जाळून चालतात.

आता 'काहून एवढा खर्च?' याचं उत्तर. डिश एकदाच बांधतात, कॅमेरे बदलत राहतात. मॅक्सवेल दुर्बीण १९८७ची. तिच्यावरच्या पहिल्या स्क्यूबात सव्वाशेच्या वर थोडे डिटेक्टर होते, स्क्यूबा-२ मध्ये दहा हजार, आणि डिश तीच, १५ मीटरची, अजून कामात. हे डिटेक्टर निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंशांच्या) वर अंशाच्या काही दशांशांपर्यंत थंड करावे लागतात, ते बनवणं अजून कष्टाचं आहे, पण त्यांची संख्या दर पिढीत वाढते आहे. व्यास मात्र कॅमेरा बदलून वाढत नाही. म्हणून पैसा घालायचा तो व्यासात आणि जागेत. पोरांना हे पटेल, विहीर खोदताना घेर आधी ठरवतात आणि मोटर नंतर बदलता येते हे त्यांनी घरी पाहिलेलं असतं. आल्माची जुनी निरीक्षणं ठराविक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुली होतात, तीही त्यांना पुढे कॉलेजात गेल्यावर फुकट उतरवून घेता येतील.

शाळेत करण्याजोगं एक काम सांगतो. कोरोनाच्या काळात कपाळावर रोखायचे तापमापक गावोगावी आले, त्यांचा उपयोग नाही, ते माणसाच्या तापापुरतेच मोजतात. यंत्रं तपासायचा अवरक्त तापमापक घ्या, उणे ५० अंशांपर्यंत वाचणारा. ढग नसताना तो सरळ डोक्यावर आकाशाकडे रोखायचा, सूर्यापासून लांब, आणि आकडा लिहायचा. डोक्यावर वाफ जितकी कमी, आकाश तितकं थंड वाचतं. सोबत हवेचं तापमान आणि वेळ लिहा. नागपूरला हवामान खातं पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराची हवा मोजायला फुगा सोडतं. त्याची आकडेवारी इंटरनेटवर वायोमिंग विद्यापीठाच्या पानावर मिळते, केंद्र क्रमांक ४२८६७. तक्त्याच्या तळाशी खांबातलं एकूण पाणी मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. पोरांचा आकाशाचा आकडा एका अक्षावर, नागपूरचे मिलिमीटर दुसऱ्या अक्षावर. मे, जुलै आणि डिसेंबर, तिन्ही महिने त्यात यायला हवेत. डिसेंबरातली पहाट सोडू नका, आपल्याकडचे सगळ्यात कमी मिलिमीटर हिवाळ्यातच सापडतील, मेमध्ये नव्हे. आलेख झाला की मला पाठवा.